जुनी मूठ, नवे केस

जुन्या घराच्या फडताळात कधीकधी आजोबांच्या दाढीचा ब्रश सापडतो. त्याची मूठ शिसवीची, शिंगाची किंवा 1907 साली शोध लागलेल्या बेकेलाइटची असते. वर्षानुवर्षे हाताळल्याने ती गुळगुळीत झालेली असते. परंतु केस मात्र झडून गेलेले असतात. असा ब्रश निकामी समजून लोक टाकून देतात. वास्तविक त्याचे निम्मे आयुष्य अद्याप शिल्लक असते.

ब्रशाचे दोन भाग असतात : मूठ आणि केसांचा झुपका. झुपक्याचे बूड मुठीच्या खळग्यात चिकटवलेले असते. साबण व पाणी तेथे साचून राहिले, की केसांची मुळे कुजतात आणि चिकटवण सुटते. म्हणून झुपका आधी मरतो, मूठ टिकते.

दुरुस्ती करणारा कारागीर प्रथम मूठ तपासतो. तिला तडा नसेल, तरच तो पुढे जातो. झडलेले केस तो मुळाशी कापतो. खळग्यात उरलेले बूड मध्यभागी बारीक छिद्र पाडून हळूहळू कोरून काढतो. येथे घाई केली, तर खळग्याची पातळ कड फुटते आणि जे वाचवायचे तेच नष्ट होते. खळगा स्वच्छ व कोरडा झाल्यावर त्याचा व्यास मोजतात. नवा झुपका बहुधा 20 ते 26 मिलिमीटर जाडीचा असतो. तो फार खोल बसला, तर केस ताठ राहतात. फार वर राहिला, तर ते लुळे पडतात. यासाठी तो आधी न चिकटवता बसवून पाहतात आणि मगच पाण्याने न सुटणाऱ्या चिकटवणीने पक्का करतात. ती वाळेपर्यंत ब्रशाला हात लावीत नाहीत.

नवे केस निवडताना इतिहासातील एक धडा लक्षात ठेवावा लागतो. उत्तम ब्रशासाठी बॅजर नावाच्या प्राण्याचे केस वापरीत. 1914 ते 1918 च्या महायुद्धात ते मिळेनासे झाले, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून विकले गेले. त्यांतील काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना पडलेल्या बारीक जखमांतून रोगबीजे शरीरात शिरली. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी झाली. काहींना प्राण गमवावे लागले. या रोगाची बीजे कोरड्या केसांत दीर्घकाळ तग धरतात. म्हणून त्या काळातील केस मोहापायी जपू नयेत आणि मुलांनी असे काम स्वतः करू नये. 1938 साली दातांच्या ब्रशात नायलॉनचे तंतू आले. आज दाढीच्या ब्रशासाठीही कृत्रिम तंतूंचे झुपके मिळतात. त्यांसाठी कोणत्याही प्राण्याला इजा करावी लागत नाही.

काय ठेवावे आणि काय बदलावे, हा प्रश्न लहान वस्तूंपुरताच नसतो. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेले पॅलेस थिएटर 1915 साली सुरू झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. 8 ऑगस्ट 2024 रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीने त्याचे छत व रंगमंच भस्मसात केले. कोल्हापूरकरांना अश्रू आवरेनात. त्यानंतर वास्तू पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. तेथेही जे भक्कम आहे ते राखायचे आणि जे जळाले ते नव्याने घडवायचे, हाच विचार करावा लागतो.

जुने ते सारेच राखण्याजोगे नसते, तसेच ते सारेच टाकाऊही नसते. कुजलेले धीराने काढावे, टिकाऊ ते जपावे आणि नव्याची पारख करूनच त्याला जागा द्यावी. असे केले, म्हणजे आजोबांची मूठ नातवाच्या हातीही शोभते.

प्रश्न :
1. ब्रशाची मूठ टिकते, पण झुपका का टिकत नाही?
2. महायुद्धाच्या काळात दाढीचे ब्रश घातक का ठरले?
3. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू पाहा. तिचा कोणता भाग राखाल व कोणता बदलाल, ते कारणांसह लिहा.