तक्रारवहीतील चाचणीच्या नोंदी कशा काढाव्यात?



नाशिकचे सातपूर म्हटले की डोळ्यांपुढे येतात लेथ, प्रेस आणि मोटारीचे सुटे भाग. त्याच औद्योगिक वसाहतीत आज ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटरही आहे. अशा केंद्रातील संगणकांवर दुसऱ्यांची संकेतस्थळे भाड्याने ठेवतात. यालाच वेब होस्टिंग म्हणतात. संकेतस्थळ बंद पडले की ग्राहक तक्रार नोंदवतो, तिला क्रमांक मिळतो. ही नोंद म्हणजे 'तिकीट', एस.टी.चे नव्हे बरं का!

हंगामापूर्वी आपण वजनकाट्यावर रिकामी ट्रॉली चढवून पाहतो. त्या पावत्या ऊसबिलात जाऊन कसे चालेल? तिकिटांच्या पद्धतीतही आधी लटक्या तक्रारी घालून पाहतात. त्या तशाच राहिल्या तर एकूण तक्रारी किती आणि निवारणाला दिवस किती लागले, हे दोन्ही आकडे खोटे पडतात.

मग 'टेस्ट' शब्द शोधून सरसकट पुसावे, असे कुणालाही वाटेल. घोटाळा होतो तो इथेच. एखाद्या शेतकऱ्याने लिहिले, "सॉईल टेस्टचा रिपोर्ट साइटवर दिसत नाही," तर त्याची खरी तक्रारही जाईल. तो बिचारा उत्तराची वाट पाहत बसणार आणि तिकडे कुणाला पत्ताच नाही! उलट चाचणी करणाऱ्याने नुसते 'अबक' लिहिले असेल, तर ते सापडायचेच नाही. म्हणून शब्दावर न जाता चाचणी कोणत्या खात्यातून झाली आणि कोणत्या तारखांना झाली, त्यावरून यादी काढावी. ती माणसाने डोळ्यांखालून घालावी.

पुसण्याआधी पूर्ण प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. एका तिकिटाचा पसारा अनेक तक्त्यांत असतो: उत्तरे, जोडलेले कागद, बदलांचा इतिहास. मूळ नोंद आधी काढली तर बाकीच्या पोरक्या होतात, तेव्हा ती शेवटी काढावी. हे सर्व एकाच व्यवहारात करावे. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी प्रकारचे तक्ते असतील तर आकडा न जुळल्यास व्यवहार मागे घेता येतो. मायआयसॅम प्रकारात ती सोय नाही.

क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करण्याचा मोह मात्र नको. जुने क्रमांक ई-मेलमधून बाहेर गेलेले असतात. 'डिलीट'ने मोजणी पुढेच राहते. 'ट्रंकेट' सगळा तक्ता रिकामा करून मोजणी एकवर आणते आणि मायएसक्यूएलमध्ये ते मागेही घेता येत नाही. एकही खरी तक्रार आलेली असेल, तर त्याला हात लावू नये.