कोंडवाड्यावरची पाटी

कुडवा हे गाव गोंदिया शहराला लागून आहे. हा सारा मुलूख धानाचा. पावसाळा लागला की पऱ्हे टाकतात. बांध्या पाण्याने भरल्या की रोवणी होते. बायामाणसे दिवसभर कमरेत वाकून रोवतात. एवढी मेहनत केल्यावर एखाद्या रात्री मोकाट गाय बांधीत शिरली तर? सकाळी पाहावे तो धान खाल्लेले आणि तुडवलेले!

धानवाला चिडतो. म्हणतो, "तुझ्या गाईनं माझं धान खाल्लं ना भाऊ!"

गाईवाला म्हणतो, "मुकं जनावर ते. त्याला बांध काय समजते?"

दोघांचेही खरे आहे. पण शब्दाने शब्द वाढतो. एकजण काठी उचलतो. कधी गाईचे पाय मोडतात, तर कधी माणसाचे डोके फुटते. मग पिढ्यान्‌पिढ्या बोलणे बंद!

असे होऊ नये म्हणून १८७१ साली एक कायदा झाला. गुरांनी दुसऱ्याच्या शेतात शिरण्याबद्दलचा तो कायदा. त्यात काय सांगितले होते, ते पाहा.

शेतात शिरलेले जनावर शेतवाल्याने धरावे. त्याला मारू नये. चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. कोंडवाड्याच्या रखवालदाराने वहीत नोंद करावी. जनावर कसे आहे, कोणी आणले, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे सारे लिहावे. त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यावी. जनावराला चारा-पाणी द्यावे. मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून आपले जनावर सोडवून न्यावे.

हत्तीपासून शेळीपर्यंत प्रत्येक जनावराचा दंड ठरलेला होता. तो दंड आणि चाऱ्याचा दर लिहिलेली पाटी कोंडवाड्यावर सर्वांना दिसेल अशी लावावी, असेही कायद्यात होते. कोणी सोडवून न नेलेल्या जनावरांचा लिलाव होई. पण त्या लिलावात पोलिसाने किंवा रखवालदाराने बोली लावायची नाही! आणि कोणी उगाच दुसऱ्याची गाय धरली, तर गाईवाल्याला मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करून भरपाई मागता येई.

आता विचार करा. हा कायदा कोणाच्या भल्याचा? धानवाल्याचे पीक राखले. गाईवाल्याला मनमानी दंडापासून वाचवले. मुक्या जनावराला चारा मिळाला. आणि गावातले भांडण टळले. एवढ्याशा नियमात साऱ्या गावाचे हित आहे. ते राखणे हे सरकारचे काम आहे.

दूर अमेरिकेतही असेच घडले. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधून लोक तिकडे वस्ती करायला गेले. तिथे त्यांची डुकरे दुसऱ्याच्या शेतात शिरू लागली. मग गावांनी डुकरांवर लक्ष ठेवायला माणसे नेमली आणि कोंडवाडे बांधले. बोस्टन गावात घराला आग लागली. तेव्हा १६३१ साली नियम झाला, की धुराडे लाकडाचे करू नये आणि घरावर गवताचे छप्पर घालू नये. कारण एकाच्या घराची ठिणगी दहा घरे जाळते. पावाचे वजनही तिथे कायद्याने ठरवले. १६४७ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने ठरवले, की पन्नास घरांच्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमलाच पाहिजे.

म्हणजे पीक, आग, भाकरी आणि शाळा ही एकट्याची कामे नव्हेत. ती साऱ्या गावाची कामे. मात्र त्या नियमांत सर्वांना सारखा वाटा नव्हता. बायकांना, गुलामांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना नियम करताना कोणी विचारत नसे.

आपल्याकडेही परक्या सरकारचे सारे कायदे लोकांच्या हिताचे नव्हते. जंगलाच्या कायद्याने गुरांची चराई आणि लोकांचे सरपण अडवले. म्हणून १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. तेव्हा कायदा दिसला की एक गोष्ट विचारावी : यात भले कोणाचे?

पुढे राज्य आपले झाले. गोंदियाचा मुलूख १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मुंबई राज्यात १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला. पिण्याचे पाणी, नाल्या, दिवाबत्ती, रस्ते, साफसफाई ही कामे त्याने पंचायतीकडे सोपवली. आणि ग्रामसभेत पंचायतीला जाब विचारण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदाराला दिला, बाईला आणि पुरुषाला सारखाच.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाटीवर दंड चार आणे लिहिला आहे आणि रखवालदार आठ आणे मागतो आहे. वाचता येत नसेल, तर माणूस मुकाट्याने आठ आणे देतो. वाचता येत असेल, तर तो पाटीकडे बोट दाखवतो. वहीतली नोंद, पावती, ग्रामसभेची नोटीस यांचेही असेच आहे. कायदा आपल्या बाजूने कागदावर उभा असतो. तो वाचणारा माणूस भेटला, म्हणजेच तो कामाला येतो.

आज तुम्ही हा धडा वाचलात. उद्या पंचायतीच्या फळ्यावरची नोटीस वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

सांगा पाहू :
१. शेतात शिरलेले जनावर किती वेळात कोंडवाड्यात पोचवायचे होते?
२. लिलावात रखवालदाराला बोली लावायला मनाई का असावी?
३. बोस्टनमध्ये गवताचे छप्पर का बंद केले?
४. तुमच्या गावातला एक नियम सांगा. त्यात भले कोणाचे?