इंग्रजी शिकताना पडणारे काही प्रश्न

राज्यातील मराठी शाळांत सन २००० च्या जूनपासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास सुरुवात झाली. तत्पूर्वी हा विषय पाचवीत येत असे. ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरविली, त्यांच्यावरच सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजीत बोलते करण्याची जबाबदारी आली. कामानिमित्त जिल्ह्यांतून हिंडताना शिक्षक, ग्रामसेवक, पंचायत सदस्य यांच्याशी बोलणे होते, तेव्हा इंग्रजीसंबंधीचे काही प्रश्न पुनःपुन्हा कानी येतात. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा संकोच असतो. वास्तविक हे प्रश्न चांगले आहेत आणि त्यांतील पुष्कळांची उत्तरे आपल्या मराठीतच दडलेली आहेत.

एका शिक्षिकेला तिच्या वर्गातील मुलाने विचारले होते, "बाई, मी एकटाच आहे, तर 'यू आर' कसे? 'आर' तर अनेकांसाठी ना?" बाईंनी "तसा नियमच आहे" असे सांगून वेळ निभावून नेली, पण प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. मुलाची शंका अगदी रास्त होती. जुन्या इंग्रजीत एका माणसासाठी 'दाउ' हा शब्द होता, म्हणजे आपला 'तू'. 'यू' हे अनेकांसाठीचे रूप. पुढे फ्रेंच रीतीच्या प्रभावाने थोरामोठ्यांना, ते एकटे असले तरी, अनेकवचनाने संबोधण्याची पद्धत पडली. आपण वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणतो, तसेच हे. हळूहळू हा मान सर्वांनाच मिळू लागला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'दाउ' शिष्ट बोलण्यातून बहुतांशी नाहीसा झाला. तो उरला प्रार्थनेत आणि काही बोलींत. (देवाला आपणही 'तू'च म्हणतो, हे येथे सहज आठवते.) तेव्हा 'यू' म्हणजे मुळात 'तुम्ही', आणि 'तुम्ही आहात' हे जसे एकट्या गुरुजींनाही चालते, तसेच 'यू आर'. इंग्रजीत आदर नाही, हा आपल्याकडील समज त्यामुळे निम्माच खरा आहे. 'ही' आणि 'शी' यांना मात्र आदरार्थी रूप नाही. 'साहेब दौऱ्यावर आहेत' याचे 'साहेब इज ऑन टूर' असेच होते. तेथे 'आर' घातल्याने मान वाढत नाही, वाक्य तेवढे बिघडते.

होय की नाही?

यापेक्षा अधिक महत्त्वाचा, आणि क्वचितच विचारला जाणारा, प्रश्न होकार-नकाराचा आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातील पाणीपुरवठ्याच्या कामाची पाहणी करण्यासाठी बाहेरून एक पथक आले होते. मी वृत्तांकनासाठी सोबत होतो. पथकातील एकाने पंचायतीच्या सदस्याला इंग्रजीत विचारले, "हॅवन्ट यू रिसीव्ह्ड द सेकंड इन्स्टॉलमेंट?" सदस्य म्हणाले, "यस सर." त्यांच्या मनात होते, "होय साहेब, मिळालेला नाही." टिपणात मात्र दुसरा हप्ता मिळाल्याची नोंद झाली. पुढे बँकेचे पासबुक घेऊन दोनदा खेटे घातल्यावर ती दुरुस्त झाली. मीही त्या क्षणी तेथे उभा होतो आणि माझ्याही ते लक्षात आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

मराठीत नकारार्थी प्रश्नाला 'होय' म्हणताना आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याशी सहमत होतो. इंग्रजीत 'यस' आणि 'नो' हे प्रश्नाकडे पाहत नाहीत, वस्तुस्थितीकडे पाहतात. पैसे मिळाले असतील तर 'यस', नसतील तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. ज्यांना ही सवय नाही, त्यांनी केवळ 'यस' वा 'नो' वर न थांबता पुढचे वाक्य पूर्ण बोलावे: "नो, वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड इट." घोटाळ्यास जागा राहत नाही.

कार्यालयीन पत्रव्यवहारात सर्वाधिक आढळणारी चूक 'सिन्स' आणि 'फॉर' यांची. 'मी येथे पाच वर्षांपासून काम करीत आहे' याचे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असे शब्दशः भाषांतर केले जाते. आपले 'पासून' दोन्ही कामे करते, म्हणून ही अडचण. यावर एक सोपी कसोटी आहे. मराठी वाक्यात 'पासून' काढून 'गेली पाच वर्षे' म्हणता आले, तर इंग्रजीत 'फॉर'. '२०१९ पासून' किंवा 'सोमवारपासून' यांत तसे म्हणता येत नाही, तेथे 'सिन्स'. क्रियापदही बदलते: 'आय हॅव बीन वर्किंग'. याच जातीची दुसरी चूक म्हणजे 'आय हॅव मेट हिम यस्टरडे'. मराठीत 'मी त्यांना काल भेटलो आहे' हे चालते. इंग्रजीत 'काल' हा शब्द आला की 'आहे' सोडावे लागते आणि साधे 'मेट' लिहावे लागते.

'ए' आणि 'ॲन' यांचा निर्णय अक्षरावर नव्हे, उच्चारावर होतो, एवढे सांगितले की पुरे. म्हणून 'ॲन एम.एल.ए.', 'ॲन अवर', परंतु 'ए युनियन'. 'इन्फर्मेशन्स' लिहिणाऱ्यास विचारावे, आपण 'माहित्या' म्हणतो काय?

लिहिणे एक, बोलणे दुसरे

'नाइफ'मध्ये न बोलला जाणारा 'के' कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील मुलांनी विचारलेला आहे. एके काळी तो बोलला जात असे. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला, त्यानंतर स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले. उच्चार मात्र बदलत राहिले. 'नेम' हा शब्द पूर्वी बराचसा आपल्या 'नाम'सारखा उच्चारला जाई, आणि हे दोन शब्द खरोखरच एका कुळातील आहेत. काही अक्षरे तर विद्वानांनी मागाहून घुसडली. कर्ज या अर्थाच्या 'डेट' मधील 'बी' लॅटिन मूळ दाखविण्यासाठी आला. तो बोलला कधीच गेला नाही.

उच्चारांत मराठी माणसाची अडचण देवनागरीने थोडी वाढविली आहे. 'व्हॉलीबॉल' असे लिहितो म्हणून आपण त्यात 'ह' मिसळतो. त्या ध्वनीत 'ह' नाही. वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवून तो काढावयाचा असतो. 'वॉटर' म्हणताना दातांचे काम नाही, ओठांचा चंबू करावा. 'पेन' असे एकच लिहिले तरी इंग्रजीत लेखणी वेगळी आणि वेदना वेगळी. लेखणीतला 'ए' आखूड, वेदनेतला लांब आणि शेवटी 'इ'कडे झुकणारा. शिवाय दोहोंतील 'प' मागे श्वासाची हलकी झुळूक असते. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून 'पिन' म्हटले तर तो हलला पाहिजे. 'स्पिन' म्हणताना तो जवळजवळ स्थिर राहतो. वर्गात हा प्रयोग मुलांना फार आवडतो.

राहिला आघात. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ पालटत नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत 'कमिटी', 'पोलीस', 'हॉटेल' या नित्याच्या शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर आहे. हातात मिळणाऱ्या 'परमिट'चा जोर पहिल्या अवयवावर, आणि परवानगी देण्याच्या क्रियेचा दुसऱ्यावर. 'रेकॉर्ड'चेही तसेच. चांगल्या शब्दकोशात ज्या अवयवावर जोर द्यावयाचा, त्याच्या आधी वरच्या बाजूस एक लहानशी उभी रेघ दिलेली असते. शाळेच्या कपाटात शब्दकोश बहुधा असतोच. त्यातील ती रेघ पाहावयास चौथी-पाचवीतील मुलांनाही शिकविता येते.