घरबांधणीचं सामान ऑनलाइन घ्यायचं की दुकानातून? आधी साइटवर पडणारी किंमत काढा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर एक हिशोब पटापट मांडला. इथे तोच सावकाश बघू, म्हणजे वहीत उतरवून घेता येईल. रिनोव्हेशन, इंटिरियर, प्लंबिंग किंवा छोटी कंत्राटं सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्याच कामात पडतो: मोबाइलवर माल स्वस्त दिसतोय, मग दुकानात कशाला जायचं?

माझी चूक, माझेच पैसे

सुरुवातीच्या काळात मी एका फ्लॅटच्या दोन बाथरूमचं काम मटेरियलसकट ठरवून घेतलं. भिंतींचं क्षेत्रफळ २२० चौरस फूट. कटिंग आणि तूटफूट धरून १० टक्के जास्त, म्हणजे २४२ चौरस फूट. टाइल एक बाय दोन फुटाची, बॉक्समध्ये ५ नग, म्हणजे साधारण ९.७ चौरस फूट. एकूण २५ बॉक्स.

दुकानापेक्षा ऑनलाइन दर चौरस फुटाला ८ रुपये कमी दिसला. २४२ गुणिले ८, म्हणजे १,९३६ रुपये वाचले. मी खूश!

मग काय झालं? गाडीवाला माल गेटवर उतरवून निघून गेला. तिसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली ७५० रुपये. तीन बॉक्स फुटलेले निघाले. कंपनीने पैसे परत दिले, त्यात कुरकुर नाही. पण नवीन तीन बॉक्स यायला सहा दिवस लागले आणि ते वेगळ्या बॅचचे निघाले. भिंतीला लावून पाहिलं तर शेड सरळ वेगळी दिसत होती. तोपर्यंत मिस्त्री आणि हेल्पर चार दिवस बसून. दिवसाचे १,८०० धरले तर ७,२०० रुपये. शेवटी दुकानातून वेगळ्या रंगाची पट्टी आणून एक भिंत सावरली, त्याचे २,३०० गेले.

बेरीज करा. ७५० अधिक ७,२०० अधिक २,३०० म्हणजे १०,२५०. त्यातून वाचलेले १,९३६ वजा केले तरी ८,३१४ रुपये खिशातून गेले. गिऱ्हाइकाला ठरलेला आकडा सांगून बसलो होतो, त्याच्याकडे एक रुपया वाढवून मागता येत नव्हता.

दोष ऑनलाइनचा नव्हता. मी दर पाहिला, किंमत काढलीच नाही.

दर वेगळा, किंमत वेगळी

हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

साइटवर पडणारी किंमत = मालाचा दर + वाहतूक + हमाली + तूटफूट + थांबलेल्या मजुरीची जोखीम − परत जाणाऱ्या उरलेल्या मालाचे पैसे

शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. ओळखीचा दुकानदार न फोडलेले तीन बॉक्स बहुतेक वेळा परत घेतो. ऑनलाइन माल परत करायची मुदत आणि अटी ऑर्डर देण्याआधीच वाचाव्या लागतात.

कोणता माल कुठून?

*जवळच्या दुकानातूनच:* वाळू, विटा, सिमेंट, सळई, टाइल्स. हा माल जड आहे, नाहीतर नाजूक आहे, नाहीतर त्यात बॅच आणि शेडचा प्रश्न आहे. पण दुकानात घेतो म्हणून डोळे मिटून घेऊ नका. सिमेंटच्या गोणीवर कोणत्या आठवड्यातलं उत्पादन ते छापलेलं असतं, ते वाचा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद बरीच उतरते. सळईचं वजन तपासायचं तर व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे मीटरमागे किलोत येतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण १०.६ किलो भरली पाहिजे. वाळूची ब्रास म्हणजे १०० घनफूट, गाडीतला माल टेपने मोजूनच उतरवा.

*ऑनलाइन चालेल:* ज्याचा मॉडेल नंबर ठरलेला आहे, वजन कमी आहे आणि जे उद्याच लागणार नाही. नळ, शॉवर, एलईडी दिवे, बिजागऱ्या, ड्रॉवर चॅनल, ड्रिल बिट, हत्यारं. तालुक्याच्या गावात काम करणाऱ्यांना तर इथे खरा फायदा, कारण गावातल्या दुकानात दोनच डिझाइन असतात. फक्त विक्रेता कोण आहे ते बघा आणि वॉरंटीसाठी बिल जपून ठेवा.

*दोन्हीकडे विचारा:* वायर, प्लायवूड, रंग, टाइल ॲडहेसिव्ह. इथे नकली मालाची भीती असते, आणि ती दोन्हीकडे आहे. बाथरूमजवळच्या कामाला पाण्यात टिकणारा प्लाय लागतो, त्यावर आयएस ७१० शिक्का बघा. आयएसआय चिन्हाजवळचा लायसन्स नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की तो खरा की खोटा ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, करा.

उधारी हेसुद्धा भांडवल आहे

समजा ६०,००० चा माल आहे. ऑनलाइन घेतला तर १,००० रुपये कमी, पण पैसे आज द्यायचे. दुकानदार ३० दिवस थांबतो. तुमच्याकडे पैसे नाहीत आणि महिना २ टक्क्यांनी उचलले, तर व्याज १,१८० रुपये. म्हणजे 'स्वस्त' माल १८० रुपयांनी महाग पडला. मात्र उधारी तारखेला फेडा. एकदा शब्द मोडला की पुढच्या वेळी रोख मोजायची, शिवाय दरही चढा.

कच्च्या बिलाचा मोह

"बिल नको असेल तर अकरा हजारात देतो," असं ऐकलंय ना? पक्कं बिल ११,८०० चं, त्यात १८ टक्के जीएसटी १,८०० रुपये. तुमची रेग्युलर नोंदणी असेल आणि तुम्ही गिऱ्हाइकाला जीएसटी लावून बिल देत असाल, तर त्या १,८०० चं क्रेडिट मिळतं. मग पक्क्या बिलाचा माल १०,००० ला पडला आणि कच्च्याचा ११,००० ला. वर वॉरंटी गेली ती वेगळीच. ऑनलाइन ऑर्डर देतानाही आपला जीएसटी नंबर आधी भरा. तुमच्या कामाला कोणतं क्रेडिट बसतं ते सीएला एकदा विचारून घ्या. नोंदणी नसेल तर हा हिशोब लागू नाही, पण माल खराब निघाल्यावर दाखवायला कागद हवाच.

दुकानात बोलायचं कसं?

मोबाइल काउंटरवर आपटून "ऑनलाइन एवढ्याला मिळतंय" म्हणू नका. असं विचारा: "काका, हाच मॉडेल बाहेर इतक्याला दिसतोय. साइटवर पोच, हमाली आणि उरलेला माल परत, हे सगळं धरून तुम्ही काय लावाल?" दर तोच राहिला तरी बाकीच्या तीन गोष्टींत काहीतरी पदरात पडतंच. आणि संध्याकाळी सहा वाजता एक एल्बो कमी पडला, तर शटर अर्धं ओढलेलं असताना तो काढून देणारा हाच माणूस असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या कामात लागणाऱ्या दहा वस्तू लिहा. प्रत्येकीसमोर सहा रकाने आखा: ऑनलाइन दर, दुकानाचा दर, पोच आणि हमाली, किती दिवसांत, परत घेणार का, पैसे कधी द्यायचे. दोन दुकानांत स्वतः जाऊन विचारा, फोनवर नको. तक्ता भरला की कुठून काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि पुढचं कोटेशन अंदाजाने द्यावं लागणार नाही.

पुढच्या व्हिडिओत बघू, कोटेशनमध्ये तूटफूट आणि मजुरीची जोखीम कशी धरायची. तोपर्यंत वही भरा. भेटूया!