बेवारस वाहने आणि सार्वजनिक जागेचे नियम
(नागरिकशास्त्र : शिक्षकांसाठी पाठ)

पाठाचा उद्देश : वाहनाची चाके थांबली तरी मालकाची जबाबदारी थांबत नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे.

विषयप्रवेश : पुष्कळ गावांत चावडीजवळ किंवा ओढ्याकाठी एखादी मोडकी जीप वर्षानुवर्षे पडलेली दिसते. मुलांना ती खेळावयाची जागा वाटते. परंतु धोका तेथेच आहे. जून २०२३ मध्ये नागपूर शहरात एका उभ्या मोटारीत अडकून तीन बालके मृत्युमुखी पडली. बंद मोटारीत उन्हाची उष्णता झपाट्याने वाढते आणि दार आतून उघडणे लहान मुलास साधतेच असे नाही. शिवाय टायरमध्ये पावसाचे पाणी साचले की आठ-दहा दिवसांत डेंग्यू पसरविणारे डास तयार होतात. फुटलेल्या बॅटरीतील शिसे व आम्ल मातीत उतरते.

विवेचन : 'बेवारस' हा शब्द फसवा आहे. नोंदणी झालेल्या वाहनाला मालक असतोच. क्रमांकाची पाटी नाहीशी झाली तरी सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावरून त्याचा शोध लागू शकतो. यास्तव असे वाहन परस्पर भंगारात विकणे, त्याचे भाग काढणे वा ते पेटविणे सर्वथा अयोग्य होय. ते चोरीस गेलेले असेल, किंवा एखाद्या गुन्ह्याचा पुरावाही असेल.

कायद्याने यासाठी मार्ग आखून दिला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम १२७ अन्वये सार्वजनिक जागी १० तास वा अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलविण्याची परवानगी गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. मोडके किंवा जळालेले वाहन रहदारीस धोकादायक असेल, तर ते तत्काळ हलविता येते. ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. गावातील रस्ते व मोकळ्या जागा यांवरील अडथळे दूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीस दिला आहे.

मालकाचे कर्तव्यही स्पष्ट आहे. वाहन कायमचे निकामी झाल्यास १४ दिवसांच्या आत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास कळवून त्याने नोंदणी प्रमाणपत्र परत करावयाचे असते (कलम ५५). २०२१ च्या नियमांनुसार अशी वाहने नोंदणीकृत मोडणी केंद्रात देता येतात. तेथे तेल व बॅटरी आधी काढून घेऊन मगच सांगाडा तोडला जातो.

खाजगी अंगणातील वाहनास कलम १२७ लागू होत नाही. तथापि त्यात साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून देणे व त्याची दारे कुलूपबंद ठेवणे हे घरमालकाचे शेजारधर्माचे कर्तव्य होय.

शिक्षकांस सूचना : विद्यार्थ्यांसह गावातून फेरी काढावी. पडीक वाहन दिसल्यास दुरूनच पाहावे. कोणासही हात लावू देऊ नये. ठिकाण, वाहनाचा प्रकार व दिसत असल्यास क्रमांक वहीत टिपून घ्यावा. नंतर सर्व वर्गाने मिळून सरपंचांना विनंतीपत्र लिहावे व त्याची प्रत पोलीस ठाण्यास पाठवावी.

स्वाध्याय :
१. 'बेवारस' वाहनास मालक असतो, असे का म्हटले आहे?
२. असे वाहन गावकऱ्यांनी स्वतःच का विकू नये?
३. टायरमधील पाणी दर आठवड्यास का ओतावे?