खुराची काळजी विण्याआधीच

सूनबाई, गाय व्याल्यावर दोन महिन्यांनी लंगडायला लागली, की माणसं गोठ्यात खडा शोधतात. खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतं. त्यामुळे आज तळव्याला दिसणारं दुखणं बहुतेकदा विण्याच्या आसपासचं असतं. त्या दिवसांत खुरातले बंध सैलावतात, आणि गाय खंगली की तळव्यातली चरबीची गादीही पातळ होते. म्हणून एवढं ध्यानात ठेव.

आटवताना : व्यायच्या दोन महिने आधी गाय आटव, तेव्हाच खुरं साळून घे. आंबोणात रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण घाल. पिशवीवर जस्त, तांबं, मँगनीज आहे ना, ते वाच. बायोटिन रोज 20 मिलिग्रॅम. त्याचा गुण यायला महिने लागतात, तेव्हा दुखणं दिसल्यावर आणून उपयोग नाही.

शेवटचे तीन आठवडे : लसूणघास आवर. कॅल्शियमची बाटली आणि खायचा सोडा बंद. कारण हाडातलं कॅल्शियम काढायची शरीराला आधीच सवय लागली, तर दूध उतरताना गाय आडवी पडत नाही. या दिवसांचं खास क्षारमिश्रण डॉक्टरांना विचारूनच दे. पेंड थोडी थोडी सुरू कर.

व्याल्यावर : पेंड एका दिवसात अर्ध्या किलोपेक्षा जास्त वाढवू नकोस. आधी कडब्याची कुट्टी, मग पेंड. हॉटेलातला उरलेला भात, शिळ्या चपात्या गव्हाणीत ओतल्या, की पोट आंबतं आणि त्याचा त्रास खुरात उतरतो. सोडा आता चालेल, दिवसाला 100 ग्रॅम, दोन वेळा वाटून.

वाढे : उसाच्या वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नकोस.

फॅट बघ : कात्रज डेअरीच्या गाडीत दूध सगळं एकत्र जातं, म्हणून नव्या व्यालेल्या गाईचं अधूनमधून वेगळं तपासून घे. 3.8 चं फॅट 3.1 वर आलं, शेण पातळ, फेसाळ झालं, रवंथ कमी झालं, तर पोट आंबलंय समज; पेंड लगेच उतरव आणि वैरण वाढव.

कोबा : ओल्या कोब्यावर उभ्या गाईला कुठलीच पावडर तारत नाही. रबरी मॅट टाक. दिवसात दहा-बारा तास ती बसली पाहिजे.

आणि व्याल्यावर गाईला उठताच आलं नाही, कान गार पडले, तर तो दुग्धज्वर समज. तोंडाने काही पाजू नकोस, ठसका लागून फुप्फुसात जाईल. आधी डॉक्टरांना फोन कर.