६६ रकाने आणि तीन मारोती

मानवतमधलं खत-बियाण्यांचं दुकान. फेब्रुवारीची दुपार, गिऱ्हाईक नाही. भाच्यानं दुकानाचा हिशेब कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलंय. मामा सेवा सोसायटीचे निवृत्त गटसचिव. मुनीमजी कोपऱ्यात वही लिहीत बसलेले, म्हणजे ऐकत बसलेले.

भाचा: मामा, सॉफ्टवेअरवाला म्हणतो आठ दिवसांत बसवून देतो. पाडव्याला नारळ फोडू.

मामा: मुहूर्त आधीच निघाला म्हण की. काम किती, ते मोजलं का?

भाचा: मोजायचं काय त्यात? वहीतलं उचलून कॉम्प्युटरात टाकायचं.

मामा: २०१७ च्या कर्जमाफीलाही लोकांना असंच वाटलं होतं. जूनमध्ये घोषणा, जुलैत ऑनलाइन अर्ज सुरू, आणि १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटायची. माफी कुटुंबाला, दीड लाखापर्यंत. म्हणजे नवरा-बायको दोघांचे आधार आले, नोकरी कुणाला, आयकर कोण भरतं, हेही आलं. बँकांपुढं ६६ रकान्यांचा तक्ता ठेवला. आणि आमचं दप्तर कसलं? हातानं लिहिलेलं. कुठं बापाच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर, कुठं आडनावच नाही.

भाचा: पण दिवाळीला प्रमाणपत्रं तर वाटली होती ना?

मामा: वाटली. मागं याद्या जुळत नव्हत्या. एकाच आधार क्रमांकावर अनेक नावं निघाली. पुढं कितीतरी महिने आम्ही खाती तपासत बसलो. शिव्या सगळ्या कॉम्प्युटरला. त्यानं बिचाऱ्यानं काय केलं? आम्ही वर्षानुवर्षं वहीत झाकून ठेवलेलं उघडं पाडलं, एवढंच.

भाचा: आणि २०१९ ची, महात्मा फुल्यांच्या नावाची? ती तर लवकर झाली. तेव्हा सॉफ्टवेअर चांगलं होतं?

मामा: असेलही. पण मला विचारशील तर त्या वेळी विचारायच्या गोष्टीच कमी केल्या. अर्ज नाही. कुटुंबाची भानगड नाही. शेतकरी एक, मर्यादा दोन लाख. जानेवारीत आधार न जोडलेल्या खात्यांच्या याद्या चावडीवर लावल्या, म्हणजे घाण आधी उपसली. आणि २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी काढली ती सबंध महाराष्ट्राची नाही. जिल्ह्याला दोन गावं अशी ६८ गावं, १५,३५८ खाती. रक्कम पटली तर केंद्रावर अंगठा दे, नाही पटली तर तक्रार कर, ती वर समितीकडं जाणार. मग चार-पाच दिवसांनी मोठी यादी.

भाचा: म्हणजे अडचण आलीच नाही?

मामा: आली की! कापूस वेचून घासलेले अंगठे मशीन वाचेना. मार्चमध्ये कोरोना आला आणि अंगठे घेणंच थांबलं. पण चूक ६८ गावांत सापडणं वेगळं आणि लाखो खात्यांत सापडणं वेगळं.

भाचा: ते सरकारचं झालं. माझं दुकान ते केवढं?

मामा: बरं, तुझंच घेऊ. पॉस मशीनवर युरियाचा साठा काय दाखवतंय, आणि गोदामात काय आहे?

भाचा: (थांबून) थोडा फरक आहे. सीझनमध्ये गर्दी झाली की अंगठा राहून जातो.

मामा: हं. आणि वहीत 'गोणी' लिहितोस. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची, डीएपीची ५० ची. कॉम्प्युटरला 'गोणी' सांगितलीस तर तो काय समजणार?

भाचा: मग आधी काय करू?

मामा: आधी सांग, हे घेतोस कशाला? शेजारच्यानं घेतलं म्हणून?

भाचा: नाही हो. उधारी. कापूस विकला की पैसे देतो म्हणतात. कापूस जातो, पैसे येत नाहीत. कुणाकडं किती थकलं ते मला डिसेंबरातच समजायला पाहिजे.

मामा: मग तेवढंच माग. तो विकणारा तुला तीस गोष्टी दाखवील. पगारपत्रक, मेसेज, रंगीत आलेख. तुला लागते एक यादी. ती बरोबर निघाली की बाकीचं पुढच्या साली बघ. आणि पेरणीच्या तोंडावर नको. जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कोण शिकणार? ३१ मार्चला साठा मोज, १ एप्रिलपासून फक्त युरिया आणि डीएपी त्यात घाल. दोन महिने वही चालू ठेव. रोज संध्याकाळी दोन्ही ताडून बघ.

भाचा: दुप्पट काम झालं की!

मामा: झालं. त्याचे पैसेही धर. विकणारा ते कधी सांगत नाही. मानवत रोड स्टेशनावर उतरलं म्हणजे मानवत आलं असं परक्या माणसाला वाटतं. पुढचं रिक्षाचं भाडं त्यानं धरलेलंच नसतं.

भाचा: (हसून) आणि ते भरणार कोण? मी रात्री बसून भरीन.

मामा: रात्री भरायचं ठरलं की आठवड्यात बंद पडतं, लिहून घे. विक्री होते तिथंच नोंद पडली पाहिजे. म्हणजे यांनीच. (मुनीमजींकडे बघत) यांना विचारलंस का कधी?

भाचा: मुनीमजींना? त्यांना कॉम्प्युटर...

मामा: कॉम्प्युटर शिकता येतो. उधारीतलं गाव तुला महिन्यात शिकता येणार नाही. उद्या यांना वाटलं की हे यंत्र आपल्या जागेवर येतंय, तर वहीतलं निम्मं त्यांच्या डोक्यातच राहील. कामाचा धनी तू. पैसा तुझा, शेवटचा शब्द तुझा. पण यादी यांच्या तोंडून लिहून घे.

भाचा: मुनीमजी, जरा या. ही खाती बघा. मारोती, मारोती, आणि इथं परत मारोती. तिघं कसे ओळखायचे?

मुनीमजी: तिघं कुठंयत? दोनच आहेत. हे तिसरं खातं पहिल्याचंच. एका साली उधारी बंद केली होती त्याची, तर थोरल्या मालकानं नवं पान काढून दिलं.

भाचा: आणि जुन्या पानावरची बाकी?

मुनीमजी: ती तशीच आहे. कुणी विचारलंच नाही.